राजधानी अ‍ॅमस्टरडॅम, मग सरकार हेगला का बसतं?

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना घेतलेले "म्हणजे" आणि "बघा" थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

इअरफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर दाराजवळ उभं राहू नका, जिममध्ये असाल तर सेट संपवून घ्या. आज आपण एका तळ्याकाठच्या वाड्याबद्दल बोलणार आहोत. साडेसातशे वर्षं जुना वाडा, आणि तिथूनच देशाचा कारभार चालतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी "हेग" हे नाव पहिल्यांदा कधी ऐकलं? माझ्या अंदाजाने २०१७ ते २०१९ च्या दरम्यान. कुलभूषण जाधव यांची केस. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेली, भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलेला, आणि आपल्याकडे घरोघरी टीव्हीवर "हेगमधून थेट". हरीश साळवे भारतातर्फे लढत होते आणि त्यांनी फी म्हणून एक रुपया घेतला, हे तर सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलं. १७ जुलै २०१९ ला निकाल आला, १५ विरुद्ध १. शिक्षेचा फेरविचार करा आणि भारताच्या अधिकाऱ्यांना जाधवांना भेटू द्या, असं न्यायालयाने पाकिस्तानला सांगितलं. त्या वेळी मी कॉलेजात होतो आणि माझी समजूत अशी की हेग म्हणजे एक कोर्ट. गाव वगैरे काही नाही, फक्त कोर्ट.

मग काही वर्षांनी कंपनीने प्रोजेक्टसाठी तीन महिने नेदरलँड्सला पाठवलं. राहायची सोय हेगजवळ. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, राजधानीत का नाही ठेवलं तुला?" मी म्हटलं, "आई, राजधानी अ‍ॅमस्टरडॅम आहे, पण सरकार इथे आहे." ती म्हणाली, "असं कसं? काहीतरी चुकतंय तुझं."

आईचा प्रश्न रास्त होता. आजचा एपिसोड त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी घोळ सोडवू

नेदरलँड्सच्या राज्यघटनेच्या ३२ व्या कलमात राजधानी म्हणून अ‍ॅमस्टरडॅमचं नाव आहे. नवा राजा किंवा राणी शपथ घेते ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये. पण संसद हेगला. पंतप्रधानांचं ऑफिस हेगला. मंत्रालयं, सर्वोच्च न्यायालय, परदेशी वकिलाती हेगला. राजाचा रोजचा कारभार ज्या राजवाड्यातून चालतो तोही हेगलाच. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमला मान आणि हेगला काम.

दोन शहरांत अंतर किती? साधारण ६० किलोमीटर. ट्रेनने तासाभराच्या आत.

या सगळ्याच्या मध्यभागी जी जागा आहे तिचं नाव बिनेनहोफ. "बिनेन" म्हणजे आतलं, "होफ" म्हणजे दरबाराचं आवार. आपल्या भाषेत सांगायचं तर आतला चौक. चारी बाजूंनी इमारती, मध्ये मोकळं अंगण, एका अंगाला होफफाइफर नावाचं तळं. तळ्याच्या पाण्यात जुन्या विटांच्या भिंतींचं प्रतिबिंब पडतं. डच बातम्यांत राजकारणाची बातमी आली की मागे हाच फोटो.

एका काउंटचं घर

आता मागे जाऊ, १२३० च्या आसपास. तेव्हा नेदरलँड्स नावाचा देश नव्हता. हॉलंड नावाचा प्रांत होता आणि त्याच्यावर काउंट राज्य करायचे. काउंट म्हणजे मोठा सरदार समजा. चौथा फ्लोरिस या काउंटने या तळ्याजवळ जागा घेतली. आजूबाजूला रान, शिकारीला सोयीची. शहराचं जुनं पूर्ण नाव आहे 'स-ग्राफेनहागे', म्हणजे काउंटचं कुंपण किंवा काउंटची बाग. लोकांनी ते तोंडात घोळवून डेन हाग केलं, इंग्रजीत द हेग झालं आणि आपल्याकडे हेग.

त्याचा मुलगा दुसरा विल्यम. हा माणूस महत्त्वाकांक्षी. १२४८ मध्ये तो जर्मनीचा राजा झाला, आणि राजाला शोभेल असा वाडा हवा म्हणून इथे बांधकाम काढलं. पण १२५६ मध्ये फ्रिसियन लोकांवर स्वारीला गेला असताना गोठलेल्या पाण्यावरून जाताना घोड्यासकट बर्फात अडकला आणि मारला गेला. वाडा अर्धवट.

पुढे त्याचा मुलगा पाचवा फ्लोरिस याने १२८० च्या सुमाराला मोठं दालन पूर्ण केलं. त्याला आज रिडरझाल म्हणतात, म्हणजे सरदारांचं दालन. छत लाकडी, उलट्या जहाजासारखं. तुळयांवर माणसांचे चेहरे कोरलेत, खाली चाललेलं सगळं ऐकत बसल्यासारखे.

या दालनाने काय काय पाहिलं बघा. लढाईत जिंकलेले झेंडे इथे टांगले. मधल्या काळात इथे पुस्तकांचे स्टॉल लागायचे, सरकारी लॉटरीची सोडत निघायची. १९४० मध्ये जर्मनीने देश ताब्यात घेतला तेव्हा नाझी प्रशासक झाइस-इन्क्वार्टने सत्ता हाती घेतल्याचं भाषण याच दालनात केलं. आणि १९४९ मध्ये इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची गोलमेज परिषद भरली तीही इथे. एकच खोली. एकदा गुलामी जाहीर झाली, एकदा दुसऱ्याला स्वातंत्र्य द्यायची बोलणी झाली.

भिंत नसलेलं गाव

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. सरकार इथेच का?

सोळाव्या शतकात हा सगळा भाग स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता. कर, धर्मावरून छळ, आणि मग बंड. २६ जुलै १५८१ ला इथल्या प्रांतांच्या प्रतिनिधींनी हेगमध्ये एक जाहीरनामा काढला. त्याचा मुद्दा साधा होता. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नसते. राजा जुलूम करत असेल तर तो आमचा राजा नाही. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला त्यांनी चक्क "नारळ दिला". अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी.

आता राजा नाही, तर बसायचं कुठे? सात प्रांत होते. प्रत्येकाची सभा, प्रत्येकाचा मान. सगळ्यांचे प्रतिनिधी जिथे एकत्र बसतात त्या सभेला स्टेट्स जनरल म्हणत, आणि आजही डच संसदेचं अधिकृत नाव तेच आहे. ही सभा १५८८ पासून हेगला स्थिरावली.

अ‍ॅमस्टरडॅम का नाही? डेल्फ्ट का नाही? लायडेन का नाही? कारण ही सगळी "शहरं" होती. शहर म्हणजे त्या काळी तटबंदी, स्वतःचे हक्क आणि हॉलंड प्रांताच्या सभेत एक मत. एका शहरात सरकार बसवलं की बाकीची शहरं रुसणार. हेगला तट नव्हता, शहराचा दर्जा नव्हता आणि मतही नव्हतं. मत नाही म्हणजे कोणाला भीती नाही. शिवाय काउंटचा रिकामा वाडा आयता तयार.

मित्रमैत्रिणींची ट्रिप ठरताना असं होतं ना? याच्या घरी जमायचं तर तो नाराज, तिच्या घरी जमायचं तर ही नाराज, शेवटी सगळे कोपऱ्यावरच्या टपरीवर. हेग म्हणजे ती टपरी. तडजोड म्हणून निवडली आणि सव्वाचारशे वर्षं तीच चालू आहे.

गंमत म्हणजे एवढा कारभार इथून चालायचा, तरी हेगला शहराचे हक्क मिळाले ते थेट १८०६ मध्ये. तोपर्यंत कागदोपत्री ते गावच.

अंगणातले दोन मृत्यू

हे ऐकून वाटेल, किती समजूतदार लोक! थांबा.

योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट. नाव लांब आहे, एकदाच घेतो, पुढे "वकीलसाहेब" म्हणतो, कारण त्यांचं पदच हॉलंड प्रांताचा वकील असं होतं. या नव्या देशाचा कारभार प्रत्यक्षात यांनी उभा केला. १६०२ मध्ये वेगवेगळ्या व्यापारी कंपन्यांना एकत्र करून डच ईस्ट इंडिया कंपनी काढण्यामागे हेच.

आणि इथे आपला धागा जुळतो. आपल्या जुन्या कागदपत्रांत "वलंदेज" हा शब्द येतो. इंग्रज, फिरंगी, वलंदेज. वलंदेज म्हणजे हेच हॉलंडवाले. वेंगुर्ल्याला गेलात तर सतराव्या शतकातली डच वखार अजून पडक्या अवस्थेत उभी आहे. त्या वखारीचं मूळ शोधत गेलात तर हेगच्या या अंगणापर्यंत पोचता.

तर हे वकीलसाहेब. सेनापती मॉरिसशी त्यांचं बिनसलं. वरवर वाद धर्मातल्या एका मुद्द्यावर, आतून वाद असा की प्रांतांचा अधिकार मोठा की केंद्राचा. मॉरिसच्या हातात फौज होती. १३ मे १६१९ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी, वकीलसाहेबांचं डोकं याच बिनेनहोफच्या अंगणात, रिडरझालसमोर उडवलं गेलं. ज्या इमारतीतून तीस वर्षं देश चालवला तिच्या दारात.

दुसरा मृत्यू १६७२ चा. योहान डी विट. हाही हॉलंडचा कारभारी, पण मला हा माणूस जवळचा वाटतो कारण हा गणिती होता. माणूस किती वर्षं जगण्याची शक्यता आहे यावरून सरकारने विकलेल्या आजीवन पेन्शनची किंमत काय असावी, यावर त्याने १६७१ मध्ये लिहिलं. आज विमा कंपन्यांत बसून लोक जे करतात त्याची ही सुरुवातीची पायरी.

१६७२ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन संस्थानं, चौघांनी एकदम हल्ला केला. लोक घाबरले, आणि घाबरलेल्या लोकांना दोषी माणूस लागतो. योहानचा भाऊ कोर्नेलिस बिनेनहोफच्या शेजारच्या तुरुंगात होता. २० ऑगस्टला योहान त्याला भेटायला गेला. बाहेर जमाव जमला. दोघांना ओढून बाहेर काढलं आणि ठेचून मारलं. प्रेतांची जी विटंबना झाली ती मी इथे सांगत नाही, जेवताना ऐकत असाल.

त्या वर्षाबद्दल डच लोक म्हणतात की लोकांची बुद्धी गेली, सरकारचा धीर गेला आणि देशाची आशा गेली. तो तुरुंग आज म्युझियम आहे. तिथून संसदेच्या अंगणापर्यंत चालत दोन मिनिटं. म्हणजे कायद्याची जागा आणि जमावाची जागा यांच्यात केवढं अंतर आहे, तर तेवढं.

मग अ‍ॅमस्टरडॅम राजधानी कशी झाली?

नेपोलियनमुळे. त्याने १८०६ मध्ये आपल्या भावाला, लुईला, हॉलंडचा राजा केलं. लुईला तळ्याकाठचं गाव काही भावलं नाही. तो आधी उट्रेख्टला आणि १८०८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला गेला. तिथलं भव्य नगरसभागृह त्याने राजवाडा करून टाकलं. १८१३ मध्ये फ्रेंच गेले, नवा राजा आला आणि सरकार मुकाट्याने परत हेगला. पण अ‍ॅमस्टरडॅमला मिळालेला मान काढून घ्यायचा कसा? शपथविधी तिथे, कारभार इथे, अशी वाटणी झाली.

यानंतर १८१५ ते १८३० बेल्जियमही याच राज्यात होता. त्या काळात संसद एक वर्ष हेगला, एक वर्ष ब्रसेल्सला! १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला आणि हा फेरा संपला.

आज जी लोकशाही दिसते तिचा पाया १८४८ चा. थॉरबेके नावाच्या प्राध्यापक-राजकारण्याने घटना बदलली. राजा जबाबदार नाही, मंत्री जबाबदार. म्हणजे चूक झाली तर संसदेसमोर मंत्र्याने उभं राहायचं. पुरुषांना सरसकट मताधिकार १९१७ मध्ये, स्त्रियांना १९१९ मध्ये.

रोजचं काम कसं चालतं

कनिष्ठ सभागृहात १५० खासदार, वरिष्ठ सभागृहात ७५. निवडणुकीत मतदारसंघ नाहीत. अख्खा देश एकच मतदारसंघ. एकूण मतांपैकी दीडशेवा भाग, म्हणजे ०.६७ टक्के मतं मिळाली की एक जागा. त्यामुळे छोट्या पक्षांनाही जागा मिळतात. २०२१ च्या निवडणुकीत १७ पक्ष निवडून आले. ७६ चा आकडा एकट्याने गाठणं कोणालाच जमत नाही, म्हणून कायम आघाडी. आणि आघाडी जमवायला वेळ लागतो. त्या २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला २९९ दिवस लागले.

पंतप्रधानांचं ऑफिस बघितलं तर तुम्हाला हसू येईल. तळ्यात पाय सोडून बसल्यासारखा एक छोटा मनोरा आहे, टोरेन्ट्ये, म्हणजे "छोटा मनोरा" असंच नाव. १९८२ पासून पंतप्रधान तिथे बसायचे. मार्क रुटे १४ वर्षांच्या आसपास पंतप्रधान होते, ते सायकलवरून यायचे.

वर्षातला मोठा दिवस म्हणजे प्रिन्स्येसदाख, सप्टेंबरचा तिसरा मंगळवार. राजा घोड्यांच्या बग्गीतून येतो आणि सरकार पुढच्या वर्षी काय करणार ते वाचून दाखवतो. भाषण राजाचं, शब्द मंत्र्यांचे. मग अर्थमंत्री एका पेटीतून बजेट संसदेत आणतात. ही पेटीची पद्धत १९४७ पासूनची. पूर्वी राजासाठी सोनेरी बग्गी असायची, पण तिच्या एका बाजूवर वसाहतीतले लोक गुडघे टेकून भेटी देतायत असं चित्र आहे. त्यावर बरीच वर्षं वाद झाला आणि २०२२ मध्ये राजाने जाहीर केलं की ती सध्या वापरणार नाही.

आणि सामान्य माणूस? त्याला काय करता येतं? एक म्हणजे ४०,००० सह्या जमवल्या तर नागरिकांचा प्रस्ताव कनिष्ठ सभागृहाला चर्चेला घ्यावा लागतो, काही अटी पाळून. दुसरं म्हणजे रस्त्यावर उतरता येतं. स्टेशनजवळ मालीफेल्ट नावाचं मोठं गवताचं मैदान आहे. १९८३ मध्ये अण्वस्त्रांच्या विरोधात साडेपाच लाख लोक हेगला आले होते. शहराची आजची सगळी वस्ती साधारण तेवढी! १ ऑक्टोबर २०१९ ला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले, तर देशभर मिळून हजार किलोमीटरच्या वर ट्रॅफिक जॅम झाला.

पण सगळ्यात धारदार हत्यार मला तिसरं वाटतं. घटनेचं ६८ वं कलम. एका खासदाराने जरी माहिती मागितली, तरी देशहिताला बाधा येत नसेल तर मंत्र्याला ती द्यावीच लागते. एका खासदाराने. बहुमत लागत नाही. हे कलम लक्षात ठेवा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती त्याच्यावर उभी आहे.

एक मॉडेल, हजारो घरं

नेदरलँड्समध्ये आईवडील दोघं नोकरी करत असतील तर पाळणाघराच्या खर्चाचा मोठा भाग सरकार देतं. पैसे वाटायचं काम करखात्याकडे. फसवणूक होते म्हणून कायदा कडक. इतका कडक, की कागदपत्रांत छोटी चूक सापडली, समजा स्वतःचा हिस्सा थोडा कमी भरला, तर चुकलेले पैसे नाही, अख्ख्या वर्षाचे पैसे परत मागायचे. लोकांवर हजारो, कधी लाखाच्या जवळ युरोंचं कर्ज चढलं.

आणि तपासणीला कोणाचे अर्ज काढायचे? २०१३ पासून यासाठी एक मॉडेल होतं. ते स्वतः शिकत जायचं आणि प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण द्यायचं. त्याला दिलेल्या गोष्टींपैकी एक होती, अर्जदार डच नागरिक आहे की नाही. परदेशी मूळ असलेली, कमी पगाराची घरं सापडत गेली. गुण जास्त का आले, हे अर्जदाराला सांगणारं कोणी नव्हतं. समोर बसलेल्या कर्मचाऱ्यालाही दिसत नव्हतं.

लोकांनी घरं गमावली, नोकऱ्या गमावल्या, संसार मोडले. अशा कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं आईवडिलांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. लोक कोर्टात गेले, तर हेगमधल्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१९ पर्यंत करखात्याची बाजू उचलून धरली.

मग दोन खासदार, पीटर ओम्त्झिख्त आणि रेन्स्के लेइटेन. एक सत्ताधारी पक्षाचा, एक विरोधी पक्षाची. दोघांनी प्रश्न विचारायचा सपाटा लावला. उत्तर आलं नाही की पुन्हा प्रश्न. सोबत काही पत्रकार, आणि पालकांची बाजू न सोडणारी एक वकील. २०१९ च्या शेवटी पालकांना त्यांच्या स्वतःच्या फाइल मिळाल्या, तर पानंच्या पानं काळ्या शाईने खोडलेली. स्वतःबद्दल सरकारने काय लिहिलंय ते वाचायचं, तर समोर काळा चौकोन.

डिसेंबर २०२० मध्ये संसदेच्या चौकशी समितीचा अहवाल आला. त्याचं नाव होतं "अभूतपूर्व अन्याय". त्यात करखातं दोषी, मंत्री दोषी, न्यायाधीशही दोषी, आणि हा कायदा करणारी संसद, म्हणजे आपण स्वतः, तीही दोषी, असं लिहिलं. १५ जानेवारी २०२१ ला अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. रुटे राजीनामा सांगायला राजाकडे सायकलवरून गेले.

आता टाळ्या वाजवायच्या का? दोन महिन्यांनी निवडणूक झाली, रुटेंचाच पक्ष पहिला आला आणि तेच पुन्हा पंतप्रधान झाले. बऱ्याच पालकांना भरपाईसाठी पुढे अनेक वर्षं थांबावं लागलं. त्यामुळे "बघा, तिकडे कशी जबाबदारी घेतात" असं सरळ म्हणता येत नाही. आणि "सगळीकडे सारखंच" असंही म्हणता येत नाही. कारण काळ्या शाईमागचं शेवटी बाहेर आलं, आणि ते आलं कारण एका खासदारालाही विचारायचा हक्क होता आणि दोघांनी तो सोडला नाही.

हे मी एवढं लांबवलं त्याला कारण आहे. आधीच्या नोकरीत मी कर्जाच्या अर्जांना गुण देणाऱ्या एका मॉड्यूलवर काम केलंय. कंपनीचं नाव घेत नाही. त्यात पिनकोड हा एक कॉलम होता. मी विचारलं होतं, "हा हवा का?" उत्तर आलं, "अ‍ॅक्युरसी वाढते ना? राहू दे." मी राहू दिला. टिकेट बंद केलं, घरी गेलो, मॅच बघितली. कोणत्या पिनकोडच्या कोणाचं कर्ज अडकलं, मला आजही माहीत नाही. मी एकदा विचारलं होतं एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तळ्याकाठी उभा असताना मला रिडरझालच्या आधी तो कॉलम आठवला.

सध्या काय चाललंय

तुम्ही आत्ता हेगला गेलात तर बिनेनहोफ कुंपणाआड आणि क्रेनखाली दिसेल. इमारत फार जुनी झाली होती, गळती, आगीचा धोका, जुन्या वायरी. २०२१ मध्ये सगळं रिकामं करून दुरुस्ती काढली. कनिष्ठ सभागृह स्टेशनजवळच्या एका जुन्या मंत्रालयाच्या इमारतीत गेलं, राजाचं भाषण आता एका नाट्यगृहात होतं. खर्चाचा पहिला अंदाज ४७.५ कोटी युरो होता, पुढे तो २०० कोटींच्या घरात गेला. मुदतही पुढे सरकली. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हसू नका, आपलेही एस्टिमेट असेच असतात.

काम सुरू व्हायच्या आधी त्या अंगणातून कोणीही चालत, सायकलवरून जाऊ शकायचं. मंत्री एका दारातून बाहेर, तुम्ही भाजीची पिशवी घेऊन त्याच अंगणातून आरपार. माझ्या ऑफिसातला एक डच सहकारी म्हणाला की शाळेत जायचा त्याचा रोजचा रस्ताच तो होता. दुरुस्ती झाल्यावर तो रस्ता पूर्वीसारखाच उघडा राहावा, एवढीच त्याची इच्छा. इमारत किती सुंदर होते याच्याशी त्याला फार देणंघेणं नव्हतं.

तर आई, ऐकत असशील तर उत्तर हे. सरकार हेगला बसतं, कारण ते गाव कोणाच्याच डोळ्यांत खुपत नव्हतं. आणि तिथे टिकलं, कारण लोकांनी त्या दारात जाऊन पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. कधी फार उशिरा विचारले, कधी फार वाईट पद्धतीने विचारले, पण विचारले.

तुमच्या कामात असा एखादा कॉलम आहे का, ज्याबद्दल एकदाच विचारून तुम्ही गप्प बसलात? मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकू.

चला, तुमचं स्टेशन आलं असेल. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!